एका श्रोत्याची सरासरी

वक्त्याच्या गळ्यात आधी कंठी घालायची आणि मग हार, ही पद्धत आता लहान गावांतही रुळली होती. कंठी म्हणजे गळ्याभोवती बसणारी बोटभर रुंद पट्टी. ती घातल्याशिवाय जाहीर सभेत तोंड उघडता येत नसे आणि एकदा घातली की वाटेल ते बोलायची मोकळीक. बदनामी झाली, भावना दुखावल्या म्हणून खटले भरणारे जुने कायदे सरकारनं कधीच मोडीत काढले होते. बंदी नाही, शिक्षा नाही. बोलण्यानं ऐकणाऱ्याला जितकं दुखेल तितकंच, त्याच क्षणी, बोलणाऱ्यालाही दुखेल, एवढीच अट. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही म्हण यंत्रानं खोटी पाडली, असं तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं.

त्या कौतुकाचा उज्ज्वला कोठावळे यांना संताप येई. त्या कृष्णाकाठ व्याख्यानमालेच्या कार्यवाह होत्या आणि कितीतरी वक्त्यांच्या गळ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं कंठी अडकवली होती. त्यांना हवा असलेला गळा मात्र अजून हाताशी आला नव्हता. तो सभा गाजवणाऱ्या शार्दूल वाकनीसांचा.

गोष्ट कंठी येण्याआधीची. उज्ज्वलाताईंची मुलगी रेवा नगरपालिकेत पाणी तपासायच्या कामावर होती. गावात कॉलऱ्याची साथ आली आणि वाकनीसांनी भरसभेत विचारलं, “साथ सुरू झाली त्या दिवशी टाकीवर कोण होतं? मी आरोप करत नाही. फक्त विचारतो.” सभेला नाव ठाऊक होतं. सभा उठली ती थेट टाकीवर गेली. रेवा टाकीच्या जिन्यावरून खाली आली, पण पायऱ्या उतरून नव्हे. पुढं न्यायालयात वाकनीस म्हणाले, “प्रश्न विचारणं हा गुन्हा असेल तर मला फाशी द्या!” आणि ते निर्दोष सुटले. साथीचं मूळ एका फुटक्या गटारात सापडलं, पण ते सांगायला कुणी सभा घेतली नाही.

कंठी आल्यावर उज्ज्वलाताई मुद्दाम लांबच्या गावी वाकनीसांच्या सभेला गेल्या. श्रोत्यानं हातात घालायची मनगटी त्यांनी घट्ट आवळली. वाकनीसांनी टाकीचा किस्सा तिखटमीठ लावून पुन्हा सांगितला. उज्ज्वलाताई पदरात तोंड खुपसून रडल्या. वाकनीस मजेत पाणी प्यायले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाताईंनी डॉक्टर निसार मुजावरांचं दार ठोठावलं. कंठीमागचं संशोधन मुजावरांचं. निवृत्त होऊन ते उज्ज्वलाताईंच्याच गावात राहायला आले होते.

“डॉक्टर, तुमचं यंत्र बिघडलंय.”

“आधी बसा तरी, ताई.”

“नाही बसायचं मला. मी तिथं मरत होते आणि त्याला साधा ठसका लागला नाही.”

मुजावरांनी चष्मा पुसला. “शब्दानं झालेली जखम आणि विस्तवानं भाजलेलं बोट, मेंदू या दोन्हींची नोंद जवळजवळ एकाच ठिकाणी घेतो. मनगटी ती नोंद टिपते. कंठी ती वक्त्याच्या मानेतल्या मज्जातंतूवाटे त्याच्या मेंदूत पोचवते. इथवर सगळं चोख आहे. सभेला माणसं किती होती?”

“मैदान भरलं होतं.”

“तिथंच गोम आहे. सगळ्यांचं दुखणं एकाच्या गळ्यात ओतलं तर माणूस जागेवर मरेल. म्हणून आम्ही सरासरी घेतो. दुःखाची बेरीज भागिले श्रोते. तुमच्या आजूबाजूचे काय करत होते?”

“शिट्ट्या मारत होते.”

“मग तुमचं दुःख त्यात विरलं. पिंपभर पाण्यात मिठाचा खडा टाकल्यासारखं.”

“म्हणजे जिचं वाटोळं झालं ती एकटी आणि मजा बघणारे हजार. असला कसला न्याय केलात हो तुम्ही?”

“बहुमत...” एवढंच बोलून मुजावर ओशाळले.

उज्ज्वलाताई आता खुर्चीत बसल्या. “आणि ऐकणारं माणूस एकच असलं तर?”

“मग भागायला कुणीच नाही. सगळं त्याच्या गळ्यात. पण ताई, एक सांगतो. शत्रू तळमळताना दिसला की माणसाला गोड वाटतं. तुम्हाला बरं वाटलं, की त्याच क्षणी त्यालाही बरं वाटणार. कंठीला तुमचं कारण कळत नाही. खरं-खोटंही कळत नाही. तिला फक्त दुखणं कळतं.”

“मला बरं वाटणार नाही,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “त्याची काळजी तुम्ही करू नका.”

व्याख्यानमालेची एक जुनी रीत होती. पूर येवो, संप असो, श्रोता एक असला तरी व्याख्यान व्हायचंच. संयोजकांना त्याचा भारी अभिमान. रिकामं सभागृह पाहून पळालेल्या वक्त्यांची टिंगल खुद्द वाकनीसांनी कितीदा केली होती. शिवाय भाषण जसंच्या तसं प्रसारित करायचं, त्याला कात्री लावायची नाही, असा आता कायदाच होता. मध्येच थांबलेल्या वक्त्याला ‘याचा गळा धरला’ म्हणत, आणि गळा धरलेल्याला पुन्हा कुणी बोलवत नसे.

उज्ज्वलाताईंनी वाकनीसांना निमंत्रण धाडलं. विषय ठेवला, ‘माझं भाषणस्वातंत्र्य’. खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. वाकनीसांना ते नाव कुठं ऐकल्यासारखंसुद्धा वाटलं नाही; उलट टपाली होकार आला. मग उज्ज्वलाताईंनी गावभर कळवलं, की व्याख्यान एक दिवस पुढं ढकललंय.

मूळ ठरलेल्या संध्याकाळी वाकनीस मंचावर आले आणि समोरच्या ओस खुर्च्या बघून हसले. “काय ओ ताई, गावाला बहिरेपणाची साथ आलीय का?”

“एक श्रोता आहे की,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांनी वाकनीसांना कंठी घातली, हार घातला, ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि स्वतःच्या हातात मनगटी आवळून त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

वाकनीसांनी घसा खाकरला. “बंधुभगिनींनो,” ते म्हणाले, आणि त्या आवाजानं उज्ज्वलाताईंना टाकीचा जिना दिसला. वाकनीसांचा हात छातीकडे गेला. दुसरं वाक्य अर्ध्यावर मोडलं. तिसऱ्याला त्यांनी टेबलाचा आधार घेतला. इतक्या वर्षांत त्यांना कधी ओरखडाही उमटला नव्हता, आणि आता हे काय होतंय तेच त्यांना समजेना.

“कोण... कोण तुम्ही?”

“रेवा कोठावळेची आई. बोला. थांबलात तर उद्या सगळा महाराष्ट्र म्हणेल, वाकनीसाचा गळा धरला.”

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि उज्ज्वलाताईंच्या मनात आनंदाची उकळी फुटली. भोग आता! त्याच क्षणी वाकनीसांचा श्वास मोकळा झाला. मुजावर म्हणाले होते तसंच. उज्ज्वलाताईंनी दात आवळले, नजर खाली घातली आणि सगळं हट्टानं आठवलं. रेवाची तुटलेली चप्पल. दवाखान्यात तिच्या अंगावरची चादर सरकवायला नको म्हणणारी परिचारिका. वाकनीस किंचाळले. त्याला दुखवायचं, तर स्वतःला भाजत राहायचं. त्या भाजत राहिल्या.

“मी खोटं बोललो!” वाकनीस ओरडले. “तुमच्या मुलीनं काही केलं नव्हतं. मला माहीत होतं. मला टाळ्या हव्या होत्या.”

हेच हवं होतं. एवढ्यासाठी तर सगळा घाट घातला होता. उज्ज्वलाताईंच्या छातीवरचा धोंडा हलला, आणि तिकडं वाकनीसांचे खांदे सैल पडले. वाकनीसांनी मान वर केली. त्यांना काहीतरी उमगलं. काही झालं तरी माणूस वक्ता होता. श्रोत्याला काय हवं ते ओळखण्यावरच तर त्याचं पोट होतं.

“गुणी पोर होती,” ते हळूच म्हणाले आणि थांबून अंदाज घेतला. गळा आणखी हलका झाला. “मला भेटली होती ती. त्या सभेच्या आधी.”

उज्ज्वलाताई ताठ झाल्या. न्यायालयात त्यानं शपथेवर सांगितलं होतं, की या मुलीला मी कधी पाहिलंही नाही. तेवढं एकच तो खरं बोलला होता.

“हसतमुख होती. म्हणाली, लोकांनी भरवशानं पाणी प्यावं म्हणून मी इथं राबते.” आता वाकनीसांच्या आवाजात जुना लोण्यासारखा मऊपणा आला होता. “तुमच्याविषयीही बोलली.”

खोटं. धडधडीत खोटं. हा माणूस माझ्या लेकीला दुसऱ्यांदा वापरतोय, हे उज्ज्वलाताईंना लख्ख कळत होतं. मनगटी ओरबाडून त्याच्या तोंडावर फेकावी म्हणून त्यांचा हात मनगटापर्यंत गेला. पण इतक्या वर्षांत रेवाविषयी असं कुणी बोललं नव्हतं. लोक तिचं नाव निघालं की विषय बदलत.

मनगटीवरचा हात तसाच राहिला.

“काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

वाकनीसांनी पाण्याचा एक घोट घेतला आणि सांगायला सुरुवात केली. ते थांबले की उज्ज्वलाताई खुर्चीत पुढं सरकत आणि म्हणत, “मग? पुढं काय म्हणाली माझी रेवा?”