रंग परत येईपर्यंत

मापं घेताना टाचणी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसे. खांदा, छाती, कंबर, उंची... माणूस तिच्या लेखी तेवढाच. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण बोलणं असं टोचरं की वडिलांनीच हे नाव ठेवलं आणि ते गल्लीभर झालं. वडील शिंपी, त्यांना सगळे मास्तर म्हणत.

त्या सकाळी पँट शिवायला आलेल्या तरुणाकडे मात्र तिला मान वर करून बघावं लागलं, कारण तो स्थिर उभाच राहीना.

"हलू नका. तसाही तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे."

"पँटीला खांदा लागतो?"

"नाही. दिसलं ते सांगितलं."

तो हसला – आणि हसता हसताच थांबला. त्याची नजर कोपऱ्यात बसलेल्या मास्तरांवर गेली होती. कात्री पायावर पडून झालेली जखम चिघळली होती आणि मास्तर ताप अंगावर काढत होते. सुईत दोरा ओवू पाहत होते, पण सुई एकीकडे अन् दोरा भलतीकडे. श्वास भराभर चालला होता. कमरेभोवती मापाची पट्टी तशीच लोंबत असताना तो तरुण त्यांच्याजवळ गेला, त्यांचं बोट हातात घेतलं, नख दाबलं आणि सोडलं. पांढरं पडलेलं नख पांढरंच राहिलं.

"मी डॉक्टर आहे," तो म्हणाला. आवाजातली गंमत पार गेली होती. "रंग लगेच परत यायला हवा. येत नाहीये. यांना आत्ताच न्यायला हवं."

हॉस्पिटलमधल्या अतिदक्षता विभागात तोच त्यांचा डॉक्टर होता. मास्तरांच्या मानेतल्या नळीतून एक पंप अगदी बेताबेतानं औषध सोडत होता. टाचणी त्या पंपाकडे शत्रूकडे बघावं तशी बघत उभी होती.

"जखमेतले जंतू रक्तात गेलेत," तो सांगत होता. "अँटिबायोटिक सुरू केलंय, सलाइन दिलंय, तरी प्रेशर टिकत नाही. रक्तवाहिन्या सैल पडल्यात. रक्त आहे, पण ते पुढे जायला ताण उरलेला नाही."

"इलास्टिक गेलं," ती म्हणाली.

तो पंपाकडून तिच्याकडे वळला. "हो... अगदी तसं."

"आणि हे औषध?"

"ते आवळतं. म्हणजे मेंदूला, हृदयाला रक्त पोचतं."

"फार आवळलं की वळ उठतात, डॉक्टर."

त्याला जे सांगायला जड जात होतं, ते तिनंच काढलं. त्यानं नजर चुकवली नाही. "बोटांना रक्त कमी पडू शकतं. या आजारानंही पडतं, औषधानंही. मी गरजेपेक्षा जास्त देणार नाही. पण जीव वाचवायला जेवढं लागेल, तेवढं देणारच."

"त्यांच्या हातात कला आहे."

"म्हणून तर पँट तुमच्याकडे टाकली," तो हळूच म्हणाला. तिला हसू आलं नाही. पण दाटून आलेलं रडूही थांबलं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मग ती तिथलीच होऊन गेली. भेटीच्या वेळेत आत जायचं, वडिलांचं नख दाबायचं, सोडायचं, वाट बघायची. तो फेरीवर आला की विचारायचा, "काय म्हणतोय रंग?"

"अजून रेंगाळतोय. तुमच्यासारखाच... फेरी संपली तरी इथंच."

तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि पंपात डोकं घालायचा. प्रेशर टिकू लागल्यावर तो औषध थोडं थोडं कमी करू लागला. कमी करायचं, थांबायचं, बघायचं. प्रेशर घसरलं तर परत वाढवायचं.

"एकदम का नाही काढत?"

"कोसळतील. हळूहळूच सोडवावं लागतं."

"उसवताना आम्हीही तेच करतो. ओढलं की कापड फाटतं."

औषध कमी झालं की तिचा जीव भांड्यात पडायचा. आणि लगेच वाटायचं – हा पंप बंद झाला की या फेऱ्याही संपल्या. बाप अंथरुणाला खिळलेला आणि आपल्याला हे काय भलतंच सुचतंय, म्हणून ती स्वतःवरच चिडायची.

पंप बंद झाला. मास्तर वाचले. पण उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक काळं पडलं होतं आणि ते काढावं लागलं. शिवताना सुई टोचू नये म्हणून मास्तर पितळी टोपी घालत ते हेच बोट.

"माझ्या औषधाचाही त्यात हात असेल," तो तिला म्हणाला. "नाही म्हणणार नाही."

तिनं पाठ फिरवली, कारण तिला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. त्याला वाटलं, विषय संपला. मास्तर साध्या वॉर्डात गेले, दुसरे डॉक्टर बघू लागले, आणि तो काही तिकडे फिरकला नाही.

दुकान पुन्हा सुरू झालं. मास्तर कापत, टाचणी शिवत असे. पितळी टोपी आता तिच्या बोटात होती. सैल होती म्हणून आत कापडाचा तुकडा घातला होता. पँट केव्हाची तयार होऊन खुंटीवर लटकत होती.

"गिऱ्हाइकाला निरोप धाड," मास्तर म्हणाले.

"गरज असेल तर येतील."

"गरज कोणाला आहे ते दिसतंय मला."

तिनं मोबाइलवर निरोप धाडला: पँट तयार आहे. डाव्या खांद्यासकट या.

तो आला. आधी त्यानं मास्तरांच्या हाताकडे पाहिलं. मास्तरांनीच हात पुढे केला. "कात्री चालते, डॉक्टर. सुई हिनं घेतली. शिर सलामत तो पगडी पचास. आणि पगड्या शिवायला ही आहेच." मग काहीतरी आठवल्यासारखं करून ते चहा सांगायला बाहेर पडले. फोनवरूनही चहा सांगता येत होता, पण असो.

"मला वाटलं, तुम्ही माझं तोंडही बघणार नाही," तो म्हणाला.

"मापं घेताना मी कोणाचंच बघत नाही..." ती पट्टीची घडी घालत राहिली. "तुमचं बघितलं होतं."

"मग त्या दिवशी पाठ—"

"रडत होते. बोट गेलं म्हणून. राग नंतर आला. तुम्ही यायचंच बंद केलंत म्हणून." ती जवळ आली. "हात द्या."

त्यानं दिला. तिनं त्याचं नख दाबलं. पांढरं झालं, सोडताच झरकन गुलाबी झालं. बोट मात्र तिच्या मुठीतच राहिलं.

"रंग आला," तो अगदी हळू म्हणाला. "रंग आला की हात सोडायचा असतो."

"माहीत आहे मला," टाचणी म्हणाली, आणि तिनं सोडला नाही.