चिनी दातवाल्याचा वीरभद्र

माझ्या पायावर दात पडले... आणि तेही कुणाचे, देव जाणे!

तेव्हा निजामाचं राज्य होतं. येडशी स्टेशनावर बार्शीकडची गाडी आली की करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई नबीलाल प्रत्येकाचं बोचकं उघडायचा. इंग्रजांच्या हद्दीतून निजामाच्या हद्दीत काय येतंय ते त्याला बघायचं असे. त्या दिवशी त्यानं एका तरुणाची पत्र्याची पेटी उलटी केली, आणि आतल्या दहा-बारा कवळ्या फलाटभर पसरल्या. एक घरंगळत थेट माझ्या पावलावर आली. मी आधी किंचाळले, मग मला हसू आवरेना.

तो तरुण गुडघ्यांवर बसून कवळ्या गोळा करत होता. माझ्या पायाजवळची उचलताना त्यानं मान वर केली आणि बघतच राहिला. एक क्षण... दोन क्षण...

"काय बघताय एवढं?" मी फणकारले.

"तुमच्याकडं न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या वडलांकडं बघतोय."

खरं सांगते, मला जरा वाईटच वाटलं.

तो उठून माझ्या वडलांसमोर हात जोडून उभा राहिला. "शरणार्थ, अप्पा. तुमच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसतोय. कपाळावर भस्म हाय म्हणून तिथला रंग कळंना, पण नाकाच्या कडंला बी तसंच दिसतंय. डाक्टरला दाखवा."

त्याचं नाव वीरभद्र. होता आमच्यातलाच, लिंगायत. सोलापुरात एका चिनी दातवाल्याच्या हाताखाली तो काम करायचा, आणि दातांच्या जोडीला त्याच्याकडून चेहरा वाचायलाही शिकला होता. चेहऱ्यावर कुठं रंग बदलला की शरीरात काय बिघडलं, आणि कुठल्या ठेवणीचा माणूस स्वभावानं कसा, हे सगळं चिनी लोकांनी फार जुन्या काळी लिहून ठेवलंय म्हणे.

"चिन्याच्या नादानं लोकांची तोंडं वाचाया लागलास व्हय?" अप्पा हसले. "आधी तुझे दात सांभाळ, बाबा!"

अप्पा मोटारीची चौकशी करायला वळले, तशी मी हळूच विचारलं, "आणि माझ्या चेहऱ्यावर काय दिसतं?"

"हनुवटी."

"ती तर सगळ्यांनाच असते!"

"एवढी हट्टी नसती," तो म्हणाला, आणि पेटी उचलून चालता झाला.

चौथ्या दिवशी लोहाऱ्यात आमच्या घरी अप्पा काविळीनं अंथरुणाला खिळले. महिनाभर ताक-भातावर काढल्यावर ते उठले, आणि उठल्या उठल्या म्हणाले, "त्या दातवाल्या पोराला बोलवा."

मग काय! वीरभद्र महिन्यातून एकदा लोहाऱ्याच्या बाजारात यायचा, म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या हिरड्यांची मापं घ्यायचा आणि दुपारी आमच्याकडं जेवायला थांबायचा. त्या दिवशी कडक भाकरी, शेंगाची चटणी सगळं मीच करणार, असा माझा हट्ट असे. माझी आई, अव्वा, माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसायची.

श्रावणातल्या एका बाजारी बाहेर भुरभुर चालली होती. तो ओसरीवर ओले हात झटकत उभा होता. मी टॉवेल द्यायला गेले.

"आज काय दिसतंय?" मी विचारलं.

"डोळ्यांखाली काळं आलंय. झोप झाली न्हाई तुमची."

"का झाली नाही, ते नाही दिसत?"

"ते..." त्याचे कान लाल झाले. "ते चिन्यांनी लिहून न्हाई ठेवलं."

"मग तुम्ही लिहा की!"

तो कोरडे झालेले हात पुन्हा पुसत राहिला. पण टॉवेल परत देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली. पावसाची एक सर येऊन गेली तरी मी तिथंच उभी होते.

आणि पुढच्याच आठवड्यात अप्पांनी उमरग्याचं स्थळ आणलं. बंडप्पा नावाचा मुलगा, घरी मोठं भुसाराचं दुकान. तो मला बघायला येणार होता वीरभद्र यायचा त्याच बाजाराच्या दिवशी, कारण अप्पांनी ठरवलं होतं की मुलाचा चेहरा वीरभद्रानं वाचायचा. तो म्हणेल निरोगी आणि सरळ, तर सोयरीक पक्की! नाहीतर मोडली.

मला तर देवच पावला. बंडप्पा यायच्या आधी मी वीरभद्राला मागच्या दारी गाठलं.

"तुम्हाला ठाऊक आहे काय बोलायचं ते," मी म्हणाले. "काहीतरी खोट काढा."

"खोट असली तर काढीन."

"आणि नसली तर?"

तो जमिनीकडं बघत राहिला. मला वाटलं, लाजला. बोलेल वेळेवर बरोबर.

बैठकीत चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा फिरला. मी खाली मान घालून पाटावर बसले. वीरभद्र बंडप्पासमोर बसला आणि त्याच्याकडं बघू लागला... कपाळ, भुवया, नाक, कान. किती वेळ तो! मी पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली.

"पोरगा निरोगी हाय," अखेर तो म्हणाला. आवाज बसलेला होता त्याचा. "मनात कपट न्हाई. बायकोला... सुखात ठेवील."

अप्पांनी मांडीवर थाप मारली. "झालं तर मग!"

इतका राग मला जन्मात आला नव्हता. हा असा गप्प उठून सोलापूरला जाणार, आणि मी उमरग्यात ज्वारी पाखडत बसणार? मी मान वर केली. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं मान वर करू नये, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी केली.

"आता माझा चेहरा वाचा," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर. आणि त्यातही खोटं बोलायचं नाही."

वीरभद्रानं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरले होते. "ही... ही मनाविरुद्ध नांदायची न्हाई," तो कसाबसा म्हणाला.

"आणि मन कुठं आहे?"

त्यानं मान खाली घातली.

"मग मी सांगते. अप्पा, मला हेच पाहिजेत. दुसरं कुणी नको."

अव्वानं तोंडाला पदर लावला. बंडप्पानं मात्र चहा शांतपणे संपवला, कपबशी खाली ठेवली आणि उठला. "मामा, पोरगी खरं बोलली ते बरं झालं," तो म्हणाला. "लग्नानंतर कळलं असतं तर दोघांचं बी वाटोळं झालं असतं." भला माणूस. वीरभद्रानं त्याला बरोबर वाचलं होतं.

पाहुणे गेल्यावर अप्पा कडाडले, "लोकांच्या उष्ट्या तोंडात बोटं घालणारा जावई करू व्हय? गळ्यात लिंग हाय आपल्या!"

"त्यांच्याही गळ्यात आहे. एक शब्द खोटा बोलले असते तर तुमची लेक फुकट मिळत होती त्यांना. नाही बोलले. असा माणूस तुम्ही कुठून शोधून आणणार होता?"

अप्पांनी तोंड फिरवलं. वीरभद्र त्यांच्या पाया पडला, पेटी उचलली आणि निघून गेला. त्या दिवसापासून अप्पा माझ्याशी बोलेनात. मी उपास धरला नाही, की विहिरीची भीती घातली नाही. रोज ताटात भाकरी वाढताना फक्त एवढंच म्हणायची, "अप्पा, माझं ठरलंय." वीस दिवस वाढली मी ती भाकरी आणि ते वाक्य.

एकविसाव्या दिवशी सकाळी अप्पा कुणाला न सांगता कुठंतरी गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते उजवा गाल सुजवून, तोंडात कापूस घेऊन.

"अगं बाई! कुणी मारलं?" अव्वा घाबरली.

अप्पांनी कापूस काढला. "दाढ काढून घेतली. सोलापुरात."

मी पुढं सरकले. "कुणाकडनं?"

इतक्या दिवसांनी ते पहिल्यांदा माझ्याकडं बघत होते. "बसलो त्याच्या खुर्चीवर. म्हटलं, घाल बाबा माझ्या तोंडात हात, बघू दे तरी..." ते थांबले, गाल चाचपला. "हात हलका हाय पोराचा. जराबी दुखलं न्हाय."

मग त्यांनी पिशवीतून दोन इरकली लुगडी काढून माझ्यासमोर टाकली, एक हिरवं आणि एक जांभळं. "लग्नात कुठलं नेसायचं ते बघ. समदं तूच ठरवतीस, ह्ये बी ठरव."

मी रडत रडतच हिरवं उचललं.