भिंतीला पाणी

बसा निवांत. हे धुकं आता विरेपर्यंत बस काही हलायची नाही. ड्रायव्हर ढाब्यावर चहा प्यायला उतरलाय, म्हणजे त्याचीही तीच समजूत आहे. दर संक्रांतीला पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला, जाऊन परत येताना सोनीपतच्या आसपास हे असंच होतं, आणि दर वर्षी तुम्ही तरुण मंडळी फोन वर धरून रेंज शोधत बसता. ठेवा ते फोन खिशात.

रसिका, मघाशी तू काय म्हणालीस? नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला टॉवरमधल्या सगळ्या दारांना अक्षत देणार? सुयश, तू हो म्हणालास? अबोलीला तर अक्षत म्हणजे काय तेच ठाऊक नसेल. अगं, कुंकू लावलेले तांदूळ. मंगलकार्याचं आमंत्रण द्यायचं तर ते समोरच्याच्या हातावर ठेवायचे. तोंडी बोलावणं विसरलं तरी चालतं. अक्षत घेतली की माणूस बांधला गेला. त्यानं यायचं आणि आपण त्याचं पान वाढायचं.

तर अवश्य दे. पण कोणाच्या हातावर ठेवतेस ते बघून दे. का, ते सांगतो. हसू नकोस, यातला अर्धा भाग मी या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

दिल्लीत आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये भाऊसाहेब नावाचे गृहस्थ राहायचे. माझ्याच खात्यात, मला बरेच सीनियर. बुटके, टापटिपीचे आणि सरळ म्हणजे किती सरळ? उभी हयात सरकारी घरात काढली, पण भिंतीला एक खिळा ठोकला नाही. भिंत सरकारची आहे म्हणायचे. कॅलेंडरसुद्धा पहिल्यापासून असलेल्या एका खिळ्याला, तेही स्टुलावर चढून. बायको गेली, तिचा फोटो मोठा करून आणला, तर तो कपाटाला टेकवून जमिनीवर उभा. आम्ही चेष्टा करायचो. ते म्हणायचे, स्वतःची भिंत झाली की लावीन. चेष्टेतलं नव्हतं ते. बायकोला जिवंतपणी घर देता आलं नाही हे त्यांना खुपत होतं.

मुलगा श्रीपाद, सून वीणा. श्रीपाद एका खाजगी कंपनीत कॉम्प्युटरवर होता. त्या वर्षांत अशा कंपन्यांचं नुसतं पेव फुटलं होतं आणि पोरांना बँका घरासाठी कर्ज द्यायला लागल्या होत्या. आमच्या पिढीनं रिटायर झाल्यावर घराचा विचार करायचा, यांनी तिशीच्या आत. भाऊसाहेब निवृत्त झाले. फेब्रुवारीअखेर क्वार्टर सोडायचं होतं. घाईघाईनं गाझियाबादकडच्या नव्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. ज्याचं बुकिंग होतं त्याचा मुलगा विकत होता. कागदांवर सह्या करताना त्या मुलानं टोपी काढली, तर डोक्यावर नुकतेच बोटभर केस उगवलेले. उत्तरेत असं मुंडन कधी करतात ते दिल्लीत वाढलेल्या श्रीपादला कळत नव्हतं असं नाही. पण विचारलं नाही. घर मिळत होतं ना.

सात फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव. शनिवार. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. गुरुजी उजाडताच यायचे, म्हणून श्रीपादनं आदल्या रात्री तिथेच झोपायचं ठरलं. स्कूटरवर पूजेचं सामान, सतरंजी, पाण्याचा कॅन. निघताना भाऊसाहेबांनी अक्षतेची वाटी हातात दिली. म्हणाले, "शेजारी भेटतील त्यांच्या हातावर ठेव. दाराशी ठेवून पळू नकोस. आपल्याला तिथे जन्म काढायचाय."

पोचेपर्यंत अंधार पडला. इमारत नवीकोरी, बरीचशी रिकामी. वीज अजून आली नव्हती, बिल्डरचा जनरेटर थोडा वेळ चालायचा. टाकीतही पाणी चढवलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा. तळमजल्यावर एक बंगाली कुटुंब होतं, पहिल्या मजल्यावर एक सरदारजी. त्यांना हा प्रकार नवा, पण हौसेनं अक्षत घेतली, उद्या येतो म्हणाले. श्रीपाद खुशीत जिना चढायला लागला.

तिसऱ्या मजल्यावर पाणी मारल्याचा आवाज येत होता.

नव्या गिलाव्यावर पाणी मारतात ना, भिंत मुरावी म्हणून, तराई म्हणतात इकडे, तसा. श्रीपादच्या दाराबाहेर एक म्हातारा उभा. चांगला उंच. गळ्यात मफलर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बादली आणि मग्गा. दाराशेजारच्या भिंतीवर पाणी मारत होता.

"तराई ठीक से नहीं करते ये लोग," म्हातारा म्हणाला. "दीवार प्यासी रह जाए तो कील भी नहीं पकड़ती."

श्रीपादला वाटलं, समोरच्या फ्लॅटचे मालक असतील. नवं घर घेतलेली माणसं अशीच वेडी असतात, तोही होता. त्यानं विचारलं, "आप यहीं रहते हैं?"

"रहने ही तो आया था." म्हाताऱ्यानं श्रीपादच्या दाराकडे बघितलं. "अंदर की दीवार रह गई. ताला नया है."

"हाँ जी, हमने बदलवाया. कल गृहप्रवेश है." आणि आपल्या या शहाण्यानं वाटी पुढे केली. "आपको भी आना है. खाना यहीं."

म्हातारा थांबला. "मुझे बुला रहे हो? अंदर?"

"जी, बिल्कुल."

त्यानं हात पुढे केला. ओला होता. श्रीपादनं अक्षत ठेवली आणि त्याला आपल्याच बोटांत एकदम गारवा जाणवला. म्हाताऱ्यानं मूठ मिटली. म्हणाला, "बेटे ने तो नहीं बुलाया कभी." बादली उचलली आणि जिना उतरून गेला.

श्रीपादला जरा वाईट वाटलं, एवढंच. आत आला, कडी लावली, वीणानं बांधून दिलेली पोळीभाजी खाल्ली. पुढच्या खोलीत सतरंजी पसरली. थोड्या वेळानं जनरेटर बंद झाला.

नवं घर रात्री कसं असतं, सुयश, तुला लवकरच कळेल. सामान नाही, पडदे नाहीत. आपलाच श्वास भिंतींवरून परत येतो. त्याला झोप लागेना. या कुशीवरून त्या कुशीवर. उठला, खिडकी लावली. पुन्हा उठला, उघडली. हे घर आपलं आहे असं मनाशी म्हणून बघितलं. ते काही केल्या खरं वाटेना.

मग पाण्याचा आवाज आला. बाहेरून. जिन्यावरून. सपकन एक मग्गा. मग थोडी शांतता. मग दुसरा.

त्याला वाटलं, म्हातारा परत आला. एवढ्या थंडीत काय हे. उठून सांगावं, आजोबा, घरी जा. पण तो उठला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

आवाज थांबला.

दारावर टकटक झाली नाही. कडी वाजली नाही.

पुन्हा सपकन...

या खेपेला आतून. मागच्या खोलीतून.

श्रीपाद उठून बसला. टॉर्च हाताला लागेना. लागला. पेटवला. पाण्याचा कॅन त्याच्या उशाशीच होता. झाकण घट्ट. भरलेला. नळ कोरडे.

"कौन है?"



तो मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. टॉर्च आत फिरवला. खोली रिकामी. खिडकी बंद. आणि समोरची भिंत... ओली. उंच माणसाचा हात पोचेल तिथपासून खालपर्यंत. पाणी अजून ओघळत होतं. त्याच्या देखत फरशीपर्यंत आलं. त्याच्या पायाच्या बोटांना लागलं.

आणि त्याच्या कानाशी, अगदी जवळ, कोणी समजुतीनं बोलावं तसं...

"बस. यह कोना रह गया है."

अनवाणी पळाला तो. दार उघडं टाकून. खाली चौकीदार शेकोटीपाशी बसला होता, शंकर नावाचा. त्याला श्रीपादकडे बघूनच काय ते कळलं. त्यानं आधी घोंगडी दिली, मग विचारलं, "लंबे से? मफलर वाले?"

श्रीपादनं मान हलवली.

"मास्टरजी हैं. हर इतवार आते थे, साइकिल पर बाल्टी टाँगकर. हम लोग हँसते थे उन पर. कहते थे, रिटायर होकर यहीं रहूँगा." शंकरनं शेकोटीत लाकूड सारलं. "आपवाला ही फ्लैट था, साहब. दिवाली के बाद गुज़र गए. फिर लड़के ने बेच दिया. तब से बाहर की दीवार गीली मिलती है. अंदर तो कभी नहीं गए..."

आत कोणी बोलावलं ते श्रीपादला माहीत होतं.

सकाळी भाऊसाहेब आणि वीणा टॅक्सीनं आले, पाठोपाठ गुरुजी, मग मी. आता इथून पुढचं माझं. भिंत मी पाहिली. ओलीचिंब होती. श्रीपादचा चेहरा पांढरा पडलेला, वीणा रडकुंडीला आलेली. "बाबा, नको हे घर," ती म्हणाली, "आपण भाड्यानं कुठेही राहू." गुरुजी म्हणाले, काहीतरी शांत करावी लागेल, बंदोबस्त करावा लागेल. सगळे एकदम बोलत होते. भाऊसाहेब एकटे भिंतीवरून हात फिरवत होते. मला वाटलं, संपलं. या माणसाचं घर पुन्हा हुकलं.

मग ते श्रीपादला म्हणाले, "अक्षत हातावर ठेवलीस?"

"हो बाबा."

"त्यांनी घेतली?"

"हो."

"मग पाहुणे आहेत ते. बंदोबस्त कसला करताय?" आणि गुरुजींकडे वळून म्हणाले, "पूजा आटपा. पहिलं पान या खोलीत लागेल."

तसंच झालं. त्या भिंतीसमोर पाट मांडला, रांगोळी काढली, वरण-भात, पुरण, तूप, सगळं वाढलं. भाऊसाहेबांनी स्वतः पाण्याचा पेला ठेवला आणि दार लोटून घेतलं. आम्ही बाहेर बसून जेवलो म्हणजे काय, घास तोंडात घोळवत बसलो. आतून आवाज आला नाही. नंतर दार उघडलं तर पान जसंच्या तसं. पेला तेवढा रिकामा.

मला निघायचं होतं. पण भाऊसाहेबांनी पिशवीतून बायकोचा फोटो काढला, हातोडी काढली. मी म्हटलं, अहो, दुसऱ्या भिंतीवर लावा. ऐकलं नाही. टॅक्सीतून आणलेल्या स्टुलावर चढले. खिळा वाकला. दुसरा घेतला, तोही वाकला. तसला गिलावा मी नव्या इमारतीत पाहिलेला नाही, दगड नुसता. श्रीपाद म्हणाला, "बाबा, उतरा." ते उतरले नाहीत. हातोडी खाली केली. भिंतीला हात जोडले आणि त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "मास्टरजी, घर आपका भी है. मेरी पत्नी का फोटो है. एक कील लगा लूँ?"

पुढचा खिळा लोण्यात गेल्यासारखा गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली. आणि त्याच क्षणी मला तिथून पळूनही जावंसं वाटत होतं.

राहिले ते तिथेच. दर सोमवारी सकाळी ती भिंत ओली असायची, त्याच उंचीपर्यंत. प्लंबरला दाखवली, तो म्हणाला या भिंतीत पाइपच नाही. पुढे इमारतीतल्या सगळ्यांच्या गिलाव्याचे पोपडे पडले, यांच्या त्या भिंतीला साधी चीर नाही. भाऊसाहेबांनी ती खोली स्वतःला घेतली. रविवारी रात्री झोपताना भिंतीपाशी पाण्याचा पेला ठेवायचे. कधी कधी बोलतही असत म्हणे. वीणा आधी घाबरायची, मग तिला सवय झाली. अस्वस्थ मीच व्हायचो. चहा पिताना माझी पाठ कधी त्या भिंतीकडे केली नाही मी.

गेल्या वर्षी भाऊसाहेब गेले. झोपेत, त्याच खोलीत. मी दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेलो. सोमवार होता. श्रीपादनं दार उघडलं. नेहमीसारखं 'या काका' म्हणाला नाही. माझा हात धरून मागच्या खोलीत घेऊन गेला.

कॉट काढून टाकली होती. खोली रिकामी. फोटो जागच्या जागी.

भिंत ओली होती. वर, उंच माणसाचा हात पोचतो तिथपासून. नेहमीसारखी. पण अर्धीच. फोटोच्या या बाजूपर्यंत.

फोटोच्या त्या बाजूलाही ओली होती...

तिथे ओल खूप खालून सुरू झाली होती. बुटक्या माणसाचा हात जेमतेम पोचेल, तिथून. आणि त्या बाजूला, वर कोरड्या राहिलेल्या भिंतीपाशी, ओल्या फरशीवर भाऊसाहेबांचं स्टूल ओढून आणलेलं होतं.