घराजवळचा माळ

"ताई, सही कर!"

राजनने कुलमुखत्यारपत्र टेबलावर आपटलं तशी विभावरीने हातातली चहाची किटली खाली ठेवली... ज्या भावाला स्वतःच्या वयाच्या बाराव्या वर्षापासून कडेवर वागवलं, ज्याच्यापायी स्वतःच्या संसाराचं नावही काढलं नाही, ज्याच्या मागोमाग आखातात अल कुसैसला येऊन ती बालवाडीत शिकवू लागली, तोच आज तिच्याकडे परक्यासारखा बघत होता!

"रत्नागिरीचा माळ आपला आहे. सातबाऱ्यावर तुझं-माझं नाव आहे. आणि आपल्या गावचा मोहिद्दीन तिथे आंबे लावून बसलाय! म्हणे, बाबांनी त्याच्या वडिलांशी तोंडी अदलाबदल केली होती. घराला चिकटलेला माळ देऊन ओढ्यापलीकडचं खाचर कोण घेतं गं? लॉजिक आहे काही? गिऱ्हाईक थांबलंय तिकडे."

"बाबांनी घेतलं होतं."

"का?"

विभावरीने किटली उचलून कपात चहा ओतला. राजनच्या मुलीने, ईश्वरीने, मोबाइलमधून डोकं वर काढलं. "आत्या, इट्स जस्ट अ सिग्नेचर!"

एवढीशी सही! केली तर मोहिद्दीनच्या आईने, मरियमबींनी, वाढवलेली कलमं जाणार, नाही केली तर भाऊ तुटणार, आणि खरं सांगितलं तर... तिथे आलं की विभावरीचं मन अडून बसायचं. बाबांना शब्द दिलाय, असं ती स्वतःला बजावायची. पण नेमका काय शब्द दिला होता? तिचं तिलाच काही उमगेनासं झालं होतं.

"विक्रीच्या पैशात तुलाही वाटा हवाय, असं सरळ सांग ना!" राजन कडाडला. हे मात्र तिच्या काळजात घुसलं. "यल्ला, चल, ऊठ. मोहिद्दीनच्या तोंडावरच काय ते होऊन जाऊ दे."

जवळच रोल्ला भागात मोहिद्दीनचं शिवणकामाचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. त्याची आई मरियमबी महिनाभर त्याच्याकडे आली होती. सरबताचे पेले भरलेले तसेच राहिले आणि आवाज चढत गेले.

"राजनभाई, कागद तुझ्या नावाचा, कबूल. पण चाळीस वर्षं आम्ही तो माळ कसतो, तुम्ही आमचं खाचर कसता, त्याचं काय?"

"तुझ्या बापाने माझ्या भोळ्या बापाला फसवलं, त्याचं काय?"

मोहिद्दीन ताडकन उठला. तेवढ्यात आतून, भिंतीला धरत धरत, मरियमबी बाहेर आल्या.

"मोहिद्दीन, खलास. देऊन टाक त्याला. त्याच्या तोंडचं काढून आपल्याला खायचं नाय."

त्यांनी विभावरीकडे पाहिलं. त्या नजरेत ना राग होता, ना मागणं... आणि तेच तिला सोसवलं नाही!

"त्याच्या तोंडचं?" ती ओरडलीच. "राजन, अरे, तुझ्या बाळंतपणातच आई गेली! वरचं दूध तुला पचेना, तीन दिवसांत तू रडायचासुद्धा थांबलास... तेव्हा या माउलीने मोहिद्दीनच्या वाटणीचं दूध तुला पाजलं! त्या दिवसभर रानात राबायच्या, ते रान ओढ्यापलीकडे, आणि पावसाळ्यात ओढ्याला कमरेइतकं पाणी. दिवसातून चारदा यायच्या कशा? म्हणून बाबांनी नारळ देऊन नुसत्या शब्दावर जमिनी बदलल्या. त्यांचं कामाचं रान आपल्या दाराशी आलं, म्हणून तू जगलास रे!"

मोहिद्दीन आईकडे बघतच राहिला. त्यालाही हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"मग ताई... मला का नाही सांगितलंस?"

आणि विभावरीला इतकी वर्षं न सुटलेलं कोडं एकाएकी लख्ख दिसलं.

"बाबा म्हणाले होते, जाणता झाला की सांग. मीच नाही सांगितलं! मला... मला एकटीलाच तुझी आई व्हायचं होतं रे!"

पदरात तोंड लपवून ती हुंदके देऊ लागली. मग राजन म्हणाला, "मोहिद्दीन, वकिलाला फोन लाव. अदलाबदलीचा रीतसर कागद करू. माळ तुझा."

तो उठला आणि मरियमबींच्या पायाशी वाकला. पण त्यांनी त्याला अर्ध्यावरच धरलं.

"दूध चार महिने दिलं बाबा मी. शेवटी शेवटी तू माझ्या मांडीवरून हिच्याकडं झेप घ्यायचास. मला काय आठवत नाय होय?" त्यांनी त्याचे खांदे धरून त्याला विभावरीकडे वळवलं. "पयले हिच्या पाया पड."