गोमुखाचं पाणी

संघप्रिया खांदेश्वरच्या ऑफिसात आली तेव्हा खासगी तपासाची कामं घेणारी सुचिता भोईर डबा उघडून बसली होती. मुलीचा चेहरा पाहून तिने डबा बंद केला.

संघप्रियाची आई रखमा नावडेच्या पलीकडे डोंगराखालच्या 'रानसोबत' या कॅम्पवर स्वयंपाक करायची. तंबू, सारवलेलं अंगण, मातीची भांडी, प्लास्टिकला बंदी आणि प्यायला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी, अशी त्या जागेची ख्याती होती. शनिवारी रात्री पाहुणे माशाचं कालवण जेवले. पहाटेपासून एकेकाला उलट्या सुरू झाल्या. ज्योतिबा कदम नावाचे निवृत्त शिक्षक दवाखान्यात दगावले. मालक रूपेश म्हात्रेने पोलिसांना सांगितलं, मासळी शिळी होती. तेव्हापासून रखमा कोठडीत होती.

"आई बोलतच नाही, मॅडम," संघप्रिया म्हणाली. "स्वतःसाठी एक शब्दसुद्धा नाही."

घरी आणखी कोण, असं सुचिताने विचारलं. भाऊ होता, प्रितम. तळोज्याला टँकरवर ड्रायव्हर. त्याची बायकामुलं परभणीकडे गावी असत. रविवारी तोही तिकडे गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

सुचिताचा मावसभाऊ कान्हा तिची गाडी चालवायचा आणि कामात मदत करायचा. माणूस मनाने चांगला, पण विचार सावकाश करायचा. जिना उतरताना तो म्हणाला की मासळी खराबच असणार, यात शोधायचं काय?

सुचिता आधी उलव्याला मासळीवाल्या वेणूबाईकडे गेली. वेणूबाई चिडलेलीच होती. रखमाने एकेक मासा कल्ले उघडून पाहून घेतला होता. "त्याच पाटीतली मासली आमी घरा खाल्ली," ती म्हणाली. "आमाला काय झालं नाय."

"मग रखमाने हे पोलिसांना का सांगितलं नाही?" गाडीत बसताना सुचिता पुटपुटली. कान्हाने गाडी नावडेकडे वळवली.

कॅम्प रिकामा होता. मधोमध दगडी गोमुखातून पाण्याची धार पडत होती. तिचा आवाज मालकाच्या घरातही ऐकू येत होता. रूपेशने दोघांना बसवलं आणि स्टँडवरच्या निळ्या जारमधून पाणी दिलं. आम्हीही तेच कालवण खाल्लं होतं, तो म्हणाला, पण नशिबाने वाचलो. रखमाबद्दल मनात राग नव्हता त्याच्या. वय झालं की नजर चुकते, एवढंच तो म्हणाला. त्याची बायको नमिता चहा देऊन लगेच आत गेली.

बोलता बोलता लाईट गेली. पंखा थांबला.

"किती शांत आहे इथे," कान्हा म्हणाला. सुचिताने मान वर केली आणि काही वेळ ती नुसती ऐकत राहिली.

लाईट आल्यावर ती बाहेर पडली. गोमुखापाशी रूपेशची आई सुमित्राबाई फुलं वाहत होती. आजारपणाने चेहरा उतरला होता तिचा. मासळी बाधली का, असं सुचिताने विचारलं, तेव्हा म्हातारीने मान हलवली.

"मी शनवार धरतंय. मासली नाय खाल्ली. रातचं झऱ्याचं तीर्थ घेतलं न् निजले."

कान्हाने पाय धुतले आणि पाणी छान कोमट असल्याचं सांगितलं. सुचिता वरच्या खडकाकडे पाहत होती. तिथलं शेवाळ सुकून त्याचे पापुद्रे सुटले होते, नेचे करपले होते. मागे कुडाची उंच भिंत होती आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर जड गाडीच्या चाकांचे खोल चर उमटले होते.

शेवटची भेट खारघरच्या सईची. शनिवारच्या पाहुण्यांपैकी तिला एकटीलाच काही झालं नव्हतं. कालवण तर तिने दोनदा वाढून घेतलं होतं. मात्र बाळ अंगावर पीत असल्याने ती पाणी घरून उकळून नेलेलंच प्यायली होती. सासूसाठी तिने गोमुखाचं पाणी स्टीलच्या बाटलीत भरून आणलं होतं. बाटली अजून देव्हाऱ्यात तशीच होती. सुचिताने ती मागून घेतली.

बाटलीतल्या पाण्याच्या तपासणीचा निकाल आला, तेव्हा सुचिताने इन्स्पेक्टरना फोन केला. कॅम्पच्या जेवणघरात सगळे जमले. रखमालाही आणलं होतं. आत शिरण्याआधी सुचिताने संघप्रियाला बाजूला घेतलं.

"जे बाहेर येईल ते सगळंच तुला आवडणार नाही. मी बोलले की परत घेता येणार नाही."

"सांगा, मॅडम. माझी आई सुटली पाहिजे."

सुचिता उभी राहिली. "सुमित्राबाईंनी मासळी खाल्लीच नाही, तरी त्या आजारी पडल्या. सईने दोनदा खाल्ली, तिला काही झालं नाही. फरक पाण्यात होता. रूपेश आणि नमिता वाचले, कारण ते जारचं पाणी पितात. प्लास्टिकला बंदी असलेल्या जागेत, घराबाहेर झरा वाहत असताना, मालकाला जार कशाला लागतो?"

सुचिताने खिडकीतून गोमुखाकडे बोट दाखवलं.

"त्या दिवशी लाईट गेली आणि कान्हाला एकदम शांत वाटलं. पंख्याबरोबर झराही थांबला होता. डोंगरातल्या झऱ्याला विजेची गरज नसते. त्याचं पाणी टाकीतल्यासारखं उन्हाने तापून कोमट होत नाही आणि त्याच्या वरचा खडक कोरडा नसतो. आज इन्स्पेक्टर साहेबांनी कुडामागची टाकी आणि पंप पाहिला. टाकी आतून नुकतीच घासून काढली आहे. पण सईच्या बाटलीतल्या पाण्यात कारखान्यात वापरतात ते रसायन सापडलं. रूपेश, झरा केव्हा आटला?"

"मागच्या उन्हाळ्यात," तो म्हणाला. "पलीकडून डोंगर फोडला, तो काय मी फोडला? झरा गेला हे कळलं असतं तर इथे कोण आलं असतं?"

सुमित्राबाई मुलाकडे बघत राहिली. "मी रोज पूजा केली," ती म्हणाली. "कुनाची केली रे मी?"

रूपेशने तिच्याकडे पाहिलं नाही. "शनिवारी नेहमीचा टँकर आला नाही. मी दुसरा बोलावला. तो केमिकलचा टँकर आहे हे ड्रायव्हरने सांगितलं होतं. मी म्हटलं, नीट धुऊन आण. त्याने कसा धुतला ते प्रितमला विचारा."

संघप्रियाने वळून आईकडे पाहिलं.

"रखमाबाईंची मासळी ताजी होती, आणि हे सिद्ध करणारी बाई उलव्यात बसली होती," सुचिता सावकाश म्हणाली. "तरी त्या बोलल्या नाहीत. ज्या मालकाने त्यांना अडकवलं, त्याच्यासाठी त्या गप्प बसणार नव्हत्या. शनिवारी टँकर घेऊन कोण आलं, हे त्यांनी पाहिलं होतं. मासळीवरचा संशय हटला असता तर तो पाण्यावर गेला असता, आणि पाण्यावरून टँकरवर."

इन्स्पेक्टरनी सांगितलं की सुचिताच्या फोननंतरच परभणीला निरोप गेला होता, प्रितमला सकाळीच ताब्यात घेतलं.

रखमा तेव्हा पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"मी भोगून आले असते, संघे. माझं काय राहिलंय आता? त्याची लेकरं लहान हायेत."

"मला माहीत नव्हतं गं, आई."

"विचारायचं होतंस मला."

"विचारलं होतं. रोज विचारलं."



रूपेशला काही आठवड्यांत जामीन मिळाला. पावसाळ्याआधी कॅम्प नव्या नावाने सुरूही झाला. प्रितमसाठी जामीनदार मिळाला नाही. सुमित्राबाई लेकीकडे राहायला गेली ती परतली नाही.

सगळं बाहेर आलं त्या दिवशी रखमाला कॅम्पवरूनच सोडलं. तिने कान्हाला विचारलं, पनवेलच्या एसटी स्टँडवर सोडशील का? सुनेजवळ कुणी नाही, तिला जायला हवं होतं. संघप्रिया म्हणाली, मीही येते. रखमा गाडीत मागे बसली, दार लावून घेतलं आणि काच वर केली.

कान्हाने सुचिताकडे पाहिलं. सुचिताने त्याला निघायची खूण केली, आणि ती संघप्रियाबरोबर चालत हमरस्त्याकडे निघाली.