हौसाबाईच्या हातची दोरी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीची, पूर्णिमाची, संघातली निवड हातची जाणार, हे हंबीररावांना मैदानाच्या कडेला उभ्या उभ्याच कळलं. सकाळी निशाणाच्या मधल्या पिवळ्यात बसणारे तिचे बाण जेवणानंतर निळ्या-काळ्यात विखरले. खेळ थांबल्यावर ती बरोबरीच्या तिरंदाज पोरीकडं बोट करून सगळ्यांदेखत म्हणाली, "दीक्षानं माझी दोरी सैल केली."

निवडीचा दुसरा दिवस उद्या होता. सकाळपर्यंत खरंखोटं झालं नाही, तर दीक्षाला रेषेवर उभं करणार नाही, असं तिरंदाजी मंडळाच्या सचिवांनी सांगून टाकलं.

हंबीरराव तडक लक्ष्मीपुरीत संघप्रिया कांबळेंच्या कचेरीत गेले. खाजगी तपास करणारी ही बाई मोजकं बोलायची. हंबीरराव तिला आपल्या गाडीवरून फिरवायचे. तपासात सोबत असायचे, पण उलगडा त्यांना सगळ्यांच्या शेवटी व्हायचा.

"दोरी बघू," ती म्हणाली.

हंबीररावांनी लेकीचं धनुष्य पुढं केलं. दोरी त्यांच्या बायकोनं, हौसाबाईनं केलेली. चांदीकामाच्या हुपरीची लेक, पैंजणाच्या बारीक कड्या जोडून तयार झालेली बोटं. पोरगी तिरंदाजीत पडली तशी हौसाबाई दोऱ्या करायला शिकली, आणि मंडळातल्या पोरी दुकानाची वाट विसरल्या. गेल्या माघात ती गेली.

"वर्षभर ओढलीय ही, पण बघा, कोरी करकरीत दिसते," हंबीरराव छाती काढून म्हणाले.

संघप्रियानं दोरीच्या मधल्या पांढऱ्या गुंडाळीवरून, जिथं बोटं दोरी ओढतात तिथून, अंगठा फिरवला आणि धनुष्य परत दिलं.

पूर्णिमानं घरी संघप्रियाला सांगितलं ते असं. धनुष्याची मूठ आणि दोरी यांच्यात ठरलेलं अंतर असतं. दोरी लांबली की ते कमी होतं आणि बाण बिघडतात. तिचं अंतर कित्येक महिने हललं नव्हतं. सकाळी बरोबर होतं, दुपारी कमी भरलं. तिनं दोरीला पीळ देऊन ती आखूड केली, अंतर जुळवलं. तासाभरात ते पुन्हा उतरलं.

"पीळ दिल्यावर धनुष्य कुणाकडं होतं?"

"माझ्याच हातात."

दोरी एवढी स्वच्छ कशी, यावर ती म्हणाली की खंडेनवमीला धनुष्य पिशवीसकट तालमीत पूजेला होतं, हळदी-कुंकू लागलं असेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं. जादा दोरी आहे का, असं विचारल्यावर ती खाली बघत म्हणाली, "पिशवीच्या तळाला पाकिटात आहे. आईनं केलेली शेवटची. मी ते पाकीट उघडत नाही."

दीक्षा तिच्या घरी रागानं धुमसत होती. सकाळी पूर्णिमा पाणी प्यायला गेली तेव्हा धनुष्य धरलं होतं, हे तिनं लपवलं नाही.

"तिची दोरी कशाला सैल करू? तिला सरळ हरवतो की मी. माझ्या धनुष्यालाबी काकूंचीच दोरी हाय, तिच्याच जोडीची. काकूंच्या दोरीला वाकडा हात लावीन व्हय?"

"तुझ्या दोरीचं अंतर आज हललं?"

"केसभर न्हाय."

"तुझं धनुष्य पूजेला होतं?"

"न्हाय. आमच्यात शस्त्रपूजा न्हाय. घरीच होतं."

तालमीत सयाजी वस्ताद मर्दानी खेळाच्या तलवारी भिंतीला लावत होते. प्रत्येक मुठीला नवा लाल गोफ होता. हंबीररावांनी चहा घेतला. संघप्रियानं एवढंच विचारलं, जुन्या गोफांचं काय करता? निर्माल्याबरोबर नदीला, वस्ताद म्हणाले.

तिनं तिथंच दोघी पोरींना आणि सचिवांना बोलावून घेतलं.

"दीक्षानं पीळ सोडला असता, तर अंतर एकदाच कमी झालं असतं," ती म्हणाली. "इथं पुन्हा पीळ दिल्यावरही दोरी पूर्णिमाच्याच हातात लांबत गेली. अशी नवी दोरीच लांबते. वर्षभर ओढलेली बसून जाते. दीक्षाची जोडीची दोरी बसलीय, म्हणून हलली नाही. मग पूर्णिमाची नवी कुठून आली? हंबीरराव, कोरी करकरीत म्हणालात ते खरंच होतं. फडक्यानं हळद-कुंकू पुसेल एक वेळ, पण वर्षभर ओढणाऱ्या बोटांची खाच कशी पुसेल? पूर्णिमा, पाकीट उघड."

पाकीट रिकामं होतं.

"दोरी बदलली ती पूजेच्या वेळी. वस्ताद, या तालमीत पूजेला जुना गोफ चालत नाही ना?"

सयाजी वस्ताद गोंधळले नाहीत. "मळकी दोरी पूजंला ठेवायची व्हय? तलवारीला नवा गोफ घातला, तशी धनुष्यालाबी नवी दोरी घातली. पोरगीच्या पिशवीतच होती. एकाच मापाची, एकाच रंगाची. चांगलंच केलं की."

"आणि जुनी?" हंबीररावांनी विचारलं. मग त्यांना गोफाचं उत्तर आठवलं.

वस्तादांनी टोपी काढली. "पंचगंगेला, पावणं," ते हळू आवाजात म्हणाले. हंबीररावांशी वीस वर्षांची ओळख, पण त्या घडीला ते त्यांना परक्याला म्हणावं तसं पावणं म्हणाले.

पूर्णिमानं तिथंच दीक्षाची माफी मागितली. दीक्षा म्हणाली, "उद्या बाण चुकवू नगंस. न्हाईतर मी तुला न्हवं, दोरीला हरवलं म्हणतील."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक फेरीनंतर दीक्षा पट्टी लावून अंतर मोजायची आणि पूर्णिमा पीळ द्यायची. दुपारनंतर पीळ द्यावा लागला नाही. त्या दिवशी सगळ्यात जास्त गुण पूर्णिमाचे होते. आदल्या दिवसाची तूट मात्र भरली नाही. संघातल्या एकुलत्या जागेवर दीक्षा गेली. हंबीररावांनी दोघींना पेढे दिले आणि भेटेल त्याला सांगितलं, दोन्ही धनुष्यांना माझ्या हौसाची दोरी होती.

आता पूर्णिमाची ती दोरी बसलीय, केसभर हलत नाही. हौसाबाईच्या हातची दुसरी घरात नाही. दोरी करायला पूर्णिमानं शिकायचं अजून राहिलंय.