धोंडीआत्याचा आवाज

डहाणू रोडला मिथुनचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे. शूटिंग करायचं, गाणी जोडायची, ऑनलाइन टाकायचं. आवाजाचे नियम त्याला तोंडपाठ: माणसाचा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास, संगीत त्याच्या बरंच खाली, पडद्यावरची आवाजाची पट्टी लाल होऊ द्यायची नाही. एकदाच त्यानं हे सगळं उलटं केलं, आणि तेही सख्ख्या आत्याच्या बाबतीत.

धोंडीआत्या आशागडची धवलेरी. वारल्यांचं लग्न धवलेरीच्या गाण्यानं लागतं. ती गात नाही तोवर नवरानवरी नुसते शेजारी बसलेले. गावातल्या संदीपच्या लग्नात ती पहाटेपर्यंत गायली. पण आवाज बारीक, मधेच दम लागायचा. हल्लीची पोरं असलं ऐकत नाहीत, म्हणत मिथुननं व्हिडिओत तिला पार खाली दाबलं आणि वर डीजे चढवला.

व्हिडिओ बघून आत्या स्वतः दुकानात आली.

"माझा आवाज कुठं रे? गाण्याबिगर लगीन लागलं कसं?"

"करतो गं आत्या, उद्याच करतो."

उद्या उद्या करता तीन महिने गेले, आणि आत्याच गेली. तिची गाणी दुसऱ्या कुणाला पुरती येत नव्हती. आता ती होती फक्त मिथुनच्या मेमरी कार्डावर.

तिच्या दिवसकार्याला गावात ते गाणं लावायचं ठरलं. आदल्या दुपारी मिथुननं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, हेडफोन लावले आणि डीजे पुसून टाकला. आत्याचा ट्रॅक उघडला. कानात नुसता श्वास. त्यानं लेव्हल वाढवली. श्वासच. पंखा बंद केला, अजून वाढवली. पडद्यावरची हिरवी पट्टी आता लाल होऊन नाचत होती, म्हणजे आत्या जीव तोडून गात होती. त्याला मात्र काही ऐकू येत नव्हतं. कुठून तरी ओल्या तांदळाचा, लग्नाचा चौक लिहितात त्या पिठाचा, वास यायला लागला.

त्यानं बायकोला हाक मारली. भारतीनं हेडफोन कानाला लावले आणि झटक्यात काढले.

"एवढा मोठा? कान फुटतील की!" तिनं आवाज कमी केला, पुन्हा ऐकू लागली, आणि तिचे डोळे भरले. "किती स्वच्छ... इथंच बसून गातायत जशा."

मिथुननं हेडफोनची एक बाजू कानाला लावली. श्वास. तेवढाच.

"भारती... मला नाही गं येत ऐकू."

गाणं संपलं, रेकॉर्डिंग शेवटाला येऊन थांबलं. हिरवी पट्टी थांबली नाही. हळूहळू वरखाली होत राहिली, माणूस शेजारी बसून बोलतो तशी. भारती मान डोलावत होती. "हो... हो आत्या... सांगते."

"काय म्हणते?" मिथुननं विचारलं. "भारती, काय म्हणते ती?"

भारतीनं त्याच्याकडे बघितलं.

"म्हणतात, राहू दे आता. मिथुनला सवड नाही."

"आहे!" मिथुन पडद्याकडे वाकून ओरडला. "आत्या, आहे मला सवड! बोल ना!"

त्यानं हेडफोन ओढून घेतले आणि दोन्ही कानांवर दाबून धरले. पट्टी वरखाली होत होती. आत्या बराच वेळ बोलत होती.